विद्यापीठाचं नाव बघायचं की शिकवणारा?

फायनान्समध्ये करिअर करायचंय, दोन विद्यापीठांत ॲडमिशन मिळतेय, आणि घरचे म्हणतायत, ‘नाव मोठं असेल ते घे.’ मी अशा वेळी बाबासाहेब आंबेडकरांचा विद्यार्थिदशेतला प्रवास बघतो.

१९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. सरकारी कर आणि खर्च या विषयातले नावाजलेले प्राध्यापक सेलिगमन तिथे होते. १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स गाठलं. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पैसे जमवले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन! तिथे प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या मार्गदर्शनाखाली रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. पुढे १९२५-२६ च्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी चलनावर साक्षही दिली.

म्हणून ब्रोशर बाजूला ठेवा आणि दोन गोष्टी तपासा. तुम्हाला हवा तो विषय तिथे कोण शिकवतं? आणि शेवटच्या सेमिस्टरपर्यंत पैसे पुरतील का? दुसरा प्रश्न घरी आजच विचारा. बाबासाहेबांची तीन वर्षं त्यातच गेली.