विद्युत् वाहने आणि ग्राहकसंरक्षण

विद्युत् वाहने आणि ग्राहकसंरक्षण : बॅटरीवर म्हणजेच संचायक विद्युत् घटमालेवर चालणाऱ्या वाहनांच्या पहिल्या ग्राहकांना सोसावे लागलेले तोटे आणि त्यांवर उत्पादकांनी, न्यायालयांनी व शासनांनी योजलेले उपाय, यांचा इतिहास. कोणतेही नवे यंत्र त्याचे सर्व दोष कळण्यापूर्वीच विक्रीस येते आणि ते दोष पहिल्या ग्राहकांच्या वापरातूनच उघड होतात. विद्युत् वाहनांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष तीव्रतेने जाणवते. वाहनाच्या किमतीचा मोठा भाग घटमालेचा असतो. ती वापराबरोबर आणि काळाबरोबर क्षीण होत जाते आणि तिची खरी अवस्था बाहेरून पाहून कळत नाही. त्यामुळे ती निकामी झाल्यास तोटा कोणी सोसावयाचा, हा प्रश्न या वाहनांच्या जन्मापासून त्यांच्याशी निगडित आहे. कायद्याने त्याचे उत्तर दोन टप्प्यांत दिले : ग्राहकाच्या जीविताला संरक्षण आधी मिळाले, त्याने मोजलेल्या पैशाला बऱ्याच उशिरा.

प्रारंभीची वाहने : गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८५९ मध्ये शिसे-अम्ल संचायक घट तयार केला. कामीय फोर यांनी १८८१ मध्ये त्याच्या पट्टांत महत्त्वाची सुधारणा केल्यावर असे घट वाहनांत वापरणे शक्य झाले. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे हेन्‍री मॉरिस व पेद्रो सालोम यांनी १८९४ मध्ये ‘इलेक्ट्रोबॅट’ ही गाडी बनविली आणि १८९७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये भाड्याच्या विद्युत् गाड्या धावू लागल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनच्या रस्त्यांवर वॉल्टर बर्सी यांच्या विद्युत् गाड्या आल्या. घटमालेच्या प्रचंड वजनामुळे त्यांचे टायर लवकर झिजत आणि वापराने गाड्यांचे हादरे व आवाज वाढत जात. १८९९ मध्ये ही सेवा बंद पडली. न्यूयॉर्कमधील गाड्या पुढे इलेक्ट्रिक व्हेइकल कंपनीकडे गेल्या. उतरलेली घटमाला काढून भारित घटमाला बसविण्याचे केंद्रही तेथे होते. ही कंपनी १९०७ मध्ये दिवाळखोरीत गेली.

असे असले, तरी विद्युत् गाडीची लोकप्रियता त्या काळी कमी नव्हती. १९०० साली अमेरिकेत तयार झालेल्या ४,१९२ मोटारगाड्यांपैकी १,६८१ वाफेवर, १,५७५ विजेवर आणि अवघ्या ९३६ पेट्रोलवर चालणाऱ्या होत्या. विजेची गाडी शांत व निर्धूर असे आणि ती सुरू करण्यासाठी हाताने दांडा फिरवावा लागत नसे. तथापि घटमालेची निगा राखणे सामान्य ग्राहकाला जड जाई. अम्लद्रवाची पातळी ऊर्ध्वपातित पाण्याने राखावी लागे आणि घट पूर्ण उतरू देणे किंवा दीर्घकाळ उतरलेल्या स्थितीत ठेवणे हानिकारक असे. पट्टांवरील क्रियाशील द्रव्य गळून तळाशी साचले, की धारणक्षमता घटत जाई. घटमाला अकाली निकामी झाली, की दोष बनावटीचा की निष्काळजी वापराचा, हा वाद उभा राही. तो सोडविण्याचे साधन ग्राहकाजवळ नसे. हा वाद आजही त्याच स्वरूपात शिल्लक आहे.

या अडचणीवर त्या काळी दोन उत्तरे निघाली. त्यांपैकी एक टॉमस एडिसन यांच्या कृतीतून मिळाले. त्यांनी निकेल-लोखंड घट विकसित करून १९०१ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन केली आणि शिसे-अम्ल घटापेक्षा हलका व टिकाऊ म्हणून त्याचा मोठा गाजावाजा झाला. विक्री सुरू झाल्यावर काही घटांतून द्रव गळू लागला आणि अनेकांची धारणक्षमता कमी झाली. एडिसन यांनी १९०४ मध्ये उत्पादन थांबविले, सदोष घट परत घेतले आणि पुन्हा प्रयोग आरंभिले. सुधारित घट १९०९ मध्ये बाजारात आला व तो दीर्घायुषी ठरला. मात्र विकलेला माल परत घेण्याची सक्ती करणारा कायदा तेव्हा नव्हता. ग्राहकाचे नुकसान भरून निघाले, ते उत्पादकाला आपल्या नावाची चाड होती म्हणून.

दुसरे उत्तर व्यवहाराच्या रचनेत होते. कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड इलेक्ट्रिक लाइट कंपनीने १९१० पासून विद्युत् मालमोटारींसाठी घटमाला पुरविण्याची सेवा चालविली. ग्राहक घटमालेविना वाहन विकत घेई आणि घटमाला कंपनीकडून वापरावयास घेऊन दरमहा ठराविक शुल्क व धावलेल्या मैलांनुसार आकार देई. घटमाला कंपनीच्या मालकीची राहिल्याने तिच्या आयुष्याची जोखीमही कंपनीकडेच राहिली. १९२४ पर्यंत चाललेल्या या सेवेतील वाहनांनी ६० लाख मैलांहून अधिक अंतर कापले. तोवर स्वस्त पेट्रोल, १९०८ मध्ये आलेली फोर्डची ‘मॉडेल टी’ आणि १९१२ मध्ये कॅडिलॅकने बसविलेला विद्युत् आरंभक यांमुळे विद्युत् गाडी मागे पडली होती.

कायद्याची वाटचाल : एकोणिसाव्या शतकात ‘खरेदीदाराने स्वतः सावध असावे’ हे तत्त्व प्रमुख होते. उत्पादकाचे उत्तरदायित्व ज्याच्याशी त्याचा प्रत्यक्ष करार झाला त्याच्यापुरतेच मर्यादित असे. ‘विंटरबॉटम विरुद्ध राइट’ (१८४२) या इंग्लिश खटल्यात टपालगाडी मोडून जखमी झालेल्या चालकाचा दावा याच कारणाने फेटाळला गेला. कारण गाडी पुरविणाऱ्याचा करार टपाल खात्याशी होता, चालकाशी नव्हता. १८९३ च्या इंग्लिश मालविक्री अधिनियमाने व त्यावर बेतलेल्या १९३० च्या भारतीय अधिनियमाने मालाच्या विक्रेयतेची गर्भित अट मान्य केली. परंतु भारतीय अधिनियमाच्या कलम १६ मध्येच एक परंतुक आहे : विशिष्ट वस्तू तिच्या एकस्वाच्या अथवा व्यापारी नावाने विकली गेल्यास ती विशिष्ट कामासाठी योग्य असल्याची गर्भित अट लागू होत नाही. मोटारगाडी नेहमी नावानेच विकली जात असल्याने हे परंतुक ग्राहकाला प्रतिकूल होते.

कराराची ही भिंत ‘मॅकफर्सन विरुद्ध ब्यूइक मोटर कंपनी’ (१९१६) या न्यूयॉर्कच्या खटल्यात ढासळली. विक्रेत्याकडून घेतलेल्या गाडीचे लाकडी चाक मोडून मालक जखमी झाला होता. चाक दुसऱ्या कारखान्यात बनले होते आणि मालकाचा उत्पादकाशी करारही नव्हता. तरीही हयगयीने बनविलेली वस्तू जीवितास धोकादायक ठरणार असेल, तर उत्पादक जबाबदार आहे, असा निर्णय न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी दिला. मात्र हा निर्णय शारीरिक इजेपुरता होता. जी गाडी कोणाला इजा करीत नाही, पण चालतही नाही, तिच्या मालकाला त्याचा लाभ नव्हता. न्यू जर्सीतील ‘हेनिंगसेन’ खटल्यात (१९६०) ९० दिवस किंवा ४,००० मैलांपर्यंत सदोष भाग बदलून देण्यापुरतीच जबाबदारी मर्यादित करणारे छापील कलम न्यायालयाने रद्दबातल ठरविले. पण तेथेही कारण अपघाताचेच होते. १९६६ च्या अमेरिकन वाहनसुरक्षा अधिनियमाने धोकादायक दोषांची सूचना ग्राहकांना देणे उत्पादकांस बंधनकारक केले व त्यातून पुढे वाहने परत बोलावून दुरुस्त करण्याची पद्धत रूढ झाली.

पैशाच्या संरक्षणाचे कायदे त्यानंतर आले. कॅलिफोर्निया राज्याने १९७० मध्ये व अमेरिकेच्या संघराज्याने १९७५ मध्ये हमीविषयक अधिनियम केले. सतत बिघडणाऱ्या वाहनाला अमेरिकन बोलीत ‘लेमन’ म्हणजे लिंबू म्हणतात. कनेक्टिकटने १९८२ मध्ये अशा वाहनांसाठी कायदा केला. ठराविक काळात एकच दोष चार प्रयत्नांनंतरही दूर झाला नाही किंवा वाहन एकूण तीस दिवस दुरुस्तीत पडून राहिले, तर ते बदलून देणे अथवा किंमत परत करणे त्याने उत्पादकावर बंधनकारक केले. पुढे अमेरिकेच्या सर्व राज्यांनी असे कायदे केले.

विद्युत् वाहनांचे पुनरागमन : १९७३ च्या तेलसंकटानंतर फ्लॉरिडातील सेब्रिंग-व्हॅनगार्ड कंपनीने ‘सिटिकार’ ही छोटी दोन आसनी गाडी १९७४ मध्ये विक्रीस आणली. ग्राहकांच्या वतीने वस्तूंची चाचणी करणाऱ्या कंझ्युमर्स युनियन या संस्थेने १९७५ मध्ये ती तपासून ‘अस्वीकार्य’ ठरविली. पुढे जनरल मोटर्सने १९९६ पासून ‘ईव्ही-१’ ही गाडी केवळ भाडेपट्ट्याने दिली. त्यामुळे बिघाडाची जोखीम कंपनीकडे राहिली, परंतु मालकीही तिच्याकडेच राहिली. भाडेकरूंची इच्छा नसतानाही कंपनीने गाड्या परत घेतल्या आणि बहुतेक मोडीत काढल्या.

लिथियम-आयन घटमालेच्या गाड्यांबरोबर एक नवा प्रश्न आला. २०१० मध्ये विक्रीस आलेल्या निस्सान ‘लीफ’ गाडीच्या ॲरिझोना राज्यातील मालकांना तेथील उष्ण हवेत धारणक्षमता अपेक्षेपेक्षा लवकर घटत असल्याचे २०१२ मध्ये आढळले. हमी होती ती घटमालेच्या बनावटीतील दोषांपुरती. हळूहळू होणारी घट तीतून वगळलेली होती. गाडी बंद पडत नव्हती, म्हणून ‘लेमन’ कायद्यांची कसोटीही तिला नीट लागू पडत नव्हती. तक्रारी व दावे झाल्यानंतर कंपनीने पाच वर्षे किंवा ६०,००० मैलांपर्यंत क्षमतामापकावरील बारापैकी किमान नऊ खुणा राखण्याची हमी जुन्या ग्राहकांनाही दिली. क्षमतेची हमी ही कल्पना त्यानंतर सर्वत्र रुजली. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक आयोगाच्या मंचाने २०२२ मध्ये स्वीकारलेल्या जागतिक तांत्रिक नियमात मोटारगाडीच्या घटमालेची ऊर्जाक्षमता पाच वर्षे अथवा १ लाख किमी.पर्यंत मूळच्या ८० टक्के आणि आठ वर्षे अथवा १·६ लाख किमी.पर्यंत ७० टक्के राहावी, असे किमान प्रमाण ठरविले आहे.

भारत : बंगलोर येथे तयार झालेली ‘रेवा’ ही छोटी मोटारगाडी २००१ मध्ये बाजारात आली. विद्युत् वाहनांचा खरा प्रसार मात्र दुचाकी व तीनचाकी वाहनांतून झाला. त्याला २०१५ पासून केंद्र शासनाच्या ‘फेम’ योजनेतील अनुदानाची जोड मिळाली. नवे यंत्र घेण्यास शासनच प्रोत्साहन देत असल्याने ग्राहकाच्या जोखमीशी शासनाचाही संबंध आला. महाराष्ट्र शासनाच्या २०२१ च्या धोरणात घटमालेची किमान पाच वर्षांची हमी व निश्चित पुनर्खरेदी देऊ करणाऱ्या उत्पादकांसाठी जादा प्रोत्साहनाची तरतूद होती. अनुदानासाठी ठरलेल्या किंमतमर्यादेत राहण्यासाठी काही उत्पादकांनी भारक म्हणजे चार्जर वेगळा आकारून विकल्याचे आढळल्यावर २०२३ मध्ये त्याची रक्कम ग्राहकांना परत देण्याचे ठरले.

मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका विद्युत् स्कूटरने पेट घेतला. त्या सुमारास देशात अन्यत्रही अशा घटना घडल्या. त्यानंतर एप्रिलमध्ये ओकिनावा, प्युअर ईव्ही व ओला या तीन उत्पादकांनी मिळून साडेसहा हजारांहून अधिक दुचाकी तपासणीसाठी परत बोलाविल्या. केंद्र शासनाने तज्ञसमिती नेमून ‘एआयएस-१५६’ या मानकात सुधारणा केली. घट, घटमालेचे नियंत्रण व भारक यांविषयीच्या कडक अटी डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. सदोष वाहने परत बोलाविण्याचा अधिकार शासनाला मोटार वाहन अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीने (कलम ११०-क) मिळाला आहे. तथापि २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची व ताशी २५ किमी.पेक्षा कमी वेगाची, विहित अटींत बसणारी वाहने ‘मोटार वाहन’ मानली जात नाहीत.

ग्राहकाचा मुख्य आधार म्हणजे ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९. १९८६ च्या अधिनियमाची जागा त्याने २०२० मध्ये घेतली. त्यातील उत्पादन-उत्तरदायित्वाच्या प्रकरणानुसार हयगय झाली नाही, असे सिद्ध करूनही उत्पादक सुटू शकत नाही. परंतु त्यातील ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द वस्तूची हानी आणि व्यापारी वा आर्थिक नुकसान वगळले आहे. म्हणजे पेटलेल्या स्कूटरमुळे भाजलेल्या माणसाला या प्रकरणाचा आधार मिळतो, बंद पडलेल्या स्कूटरच्या मालकाला मिळत नाही. त्याला ‘सदोष माल’ या सामान्य तक्रारीचा मार्ग असून दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे किंवा व्याजासह किंमत परत करणे असे आदेश आयोग देऊ शकतो. तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते आणि आवश्यक तेथे वस्तू प्रयोगशाळेत तपासून घेता येते. वाहन व्यापारी प्रयोजनासाठी घेतलेले असल्यास हा मार्ग बंद होतो. मात्र स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठीच ते घेतले असल्यास खुला राहतो, ही बाब ई-रिक्षाचालकांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. याखेरीज केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण एकाच प्रकारच्या अनेक तक्रारींची दखल घेऊ शकते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दहा हजारांहून अधिक तक्रारी आल्यावर त्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये ओला इलेक्ट्रिक कंपनीला नोटीस दिली. बहुतेक तक्रारींचे निवारण झाल्याचे कंपनीने कळविले. दुरुस्तीच्या ठराविक प्रयत्नांनंतर वाहन परत घेण्यास आपोआप भाग पाडणारा, अमेरिकन राज्यांतल्यासारखा कायदा भारतात नाही.

हमीच्या मर्यादा : हमी देणारा टिकला, तरच हमीला अर्थ राहतो. हार्टफर्डच्या धर्तीवर घटमाला बदलून देणारी ‘बेटर प्लेस’ ही इझ्राएलमधील कंपनी मे २०१३ मध्ये बंद पडली आणि तिच्या केंद्रांवर विसंबलेल्या मोटारमालकांचा आधार गेला. अमेरिकेतील फिस्कर कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा सुरक्षाविषयक दुरुस्तीच्या मजुरीचा खर्च मालकांनी द्यावा की कंपनीच्या उरलेल्या मालमत्तेतून व्हावा, यावर वाद झाला आणि त्यात अमेरिकन शासनाला हस्तक्षेप करावा लागला. पुराव्याची अडचणही संपलेली नाही. घटमालेच्या भारणाची, तापमानाची व वापराची नोंद आता वाहनातच होते, पण ती बहुधा उत्पादकाच्या हाती असते. त्यामुळे दोष बनावटीचा की वापराचा, हे ठरविण्याचे साधन निर्माण झाले असले, तरी ते वादातील एकाच पक्षाजवळ आहे. हार्टफर्डच्या योजनेत ज्याला घटमालेची माहिती होती, त्याच्याकडेच तिची जोखीमही होती. माहिती उत्पादकाकडे आणि जोखीम ग्राहकाकडे अशी विभागणी जोवर राहील, तोवर नव्या वाहनाच्या सुधारणेचा खर्च काही अंशी त्याचे पहिले ग्राहकच देत राहतील.