दिव्यांग जलतरणपटू आणि स्पर्धेपूर्वीचा शेक : लाभ, मर्यादा व धोके

शर्यतीपूर्वी स्नायू उबदार ठेवणे हा कोणत्याही जलतरणपटूच्या तयारीचा नित्याचा भाग आहे. दिव्यांग जलतरणपटूंच्या बाबतीत मात्र तो विचारपूर्वक घ्यावयाचा वैद्यकीय निर्णय ठरतो. सेरेब्रल पाल्सीमुळे ताठरलेल्या खांद्याला शेक मोकळेपणा देऊ शकतो. मज्जारज्जूच्या इजेमुळे बधिर झालेल्या पायावर तीच गरम पिशवी ठेवली, तर खेळाडूला कळण्यापूर्वीच त्वचा भाजते. मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्या खेळाडूची शक्ती तर उष्णतेने घटू शकते.

उष्णतेची गरज का भासते?

स्पर्धेच्या तलावातील पाण्याचे तापमान २५ ते २८ अंश सेल्सिअस ठेवण्याचा नियम आहे. हे तापमान त्वचेच्या तापमानापेक्षा कमी असते आणि पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने शरीरातील उष्णता ओढून घेते. सरावाच्या तलावातून बाहेर पडल्यावर अंग पुसणे, घट्ट पोहण्याचा पोशाख चढवणे आणि प्रतीक्षा कक्षात थांबणे यात बराच वेळ जातो. हाताची बोटे वा पाय साथ देत नसतील, तर केवळ पोशाख बदलण्यासही अधिक अवधी लागतो. व्यायाम थांबताच स्नायूंचे तापमान उतरू लागते.

स्नायूंचे तापमान १ अंशाने वाढल्यास त्यांची शक्ती साधारणतः २ ते ५ टक्क्यांनी वाढते, असे क्रीडाशास्त्रातील अभ्यास दर्शवितात. आंतरराष्ट्रीय दर्जाच्या जलतरणपटूंवरील २०१३ मधील एका प्रयोगात सरावानंतर ४५ मिनिटांऐवजी २० मिनिटांनी शर्यत झाल्यास २०० मीटर फ्रीस्टाइलच्या वेळेत सुमारे दीड टक्क्याची सुधारणा आढळली. त्यामुळे या मधल्या काळात उष्णता टिकविण्यासाठी तापणारी जाकिटे, ब्लँकेट, गरम पॅक यांचा वापर होऊ लागला. असे बहुतेक प्रयोग अपंगत्व नसलेल्या खेळाडूंवर झालेले असल्याने त्यांचे निष्कर्ष दिव्यांग खेळाडूंना जसेच्या तसे लावता येत नाहीत.

वर्गक्रमांक पुरेसा नाही

पॅरा जलतरणात एस१ ते एस१० हे वर्ग शारीरिक, एस११ ते एस१३ दृष्टिविषयक, तर एस१४ हा बौद्धिक अपंगत्वासाठी आहे. शारीरिक वर्गांची रचना पाण्यातील हालचालींवर पडणाऱ्या मर्यादेवरून होते, निदानावरून नव्हे. त्यामुळे हात गमावलेला, सेरेब्रल पाल्सी असलेला आणि मज्जारज्जूला इजा झालेला असे तिघे एकाच शर्यतीत शेजारच्या मार्गिकांत उतरू शकतात. त्यांच्या शरीराचा उष्णतेला मिळणारा प्रतिसाद मात्र सर्वस्वी वेगळा असतो. म्हणूनच शेकाचा निर्णय वर्गावरून न घेता निदानावरून घ्यावा लागतो.

लाभ कोणाला?

सेरेब्रल पाल्सी असलेल्या अनेकांमध्ये थंडीने स्नायूंचा ताण वाढतो. उबेमुळे तो काही काळ सैलावतो आणि सांध्यांची हालचाल सुलभ होते. हा परिणाम तात्पुरता असल्याने शेकानंतर लगेच हलक्या हालचाली कराव्या लागतात. अवयव गमावलेल्या खेळाडूंचे खांदे आणि पाठ यांवर असमान भार पडतो, तेथेही सौम्य शेक उपयुक्त ठरतो. मात्र अवयवच्छेदाच्या टोकाकडील त्वचा नाजूक असते आणि तेथील संवेदना बदललेली असू शकते. दृष्टिबाधित खेळाडूंची तापमान जाणण्याची क्षमता सहसा अबाधित असते, परंतु उपकरणावरील आकडा त्यांना कोणीतरी वाचून दाखविणे आवश्यक असते.

धोका कोणाला?

पहिला धोका भाजण्याचा. त्वचेचे तापमान ४४ अंशांवर राहिल्यास इजा होण्यास सुमारे सहा तास लागतात, ६० अंशांवर काही सेकंद पुरतात. फिजिओथेरपी केंद्रांतील गरम पॅक ७० अंशांहून अधिक तापलेल्या पाण्यात ठेवलेले असतात आणि टॉवेलच्या अनेक घड्यांविना वापरता येत नाहीत. निरोगी माणूस चटका बसताच पाय मागे घेतो, बधिर पायाला ती सूचना मिळत नाही. अशा ठिकाणी झालेली जखम भरण्यास अनेक आठवडे लागू शकतात आणि तोवर पाण्यात उतरता येत नाही. एका शर्यतीसाठी घेतलेल्या शेकापायी संपूर्ण हंगाम हातचा जाऊ शकतो.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर मज्जारज्जूला इजा असल्यास बधिर भागावरील तीव्र उष्णता, घट्ट पोशाख किंवा भरलेले मूत्राशय यांमुळे रक्तदाब अचानक भडकू शकतो. या अवस्थेस ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. तीव्र डोकेदुखी, चेहरा लाल होणे आणि इजेच्या पातळीच्या वर घाम येणे ही तिची लक्षणे आहेत. अशा वेळी खेळाडूला सरळ बसवून, पोशाख सैल करून, शेक वा अन्य कारण तत्काळ दूर करून वैद्यकीय मदत बोलवावी लागते. या खेळाडूंना घामही पुरेसा येत नसल्याने उकाड्यात संपूर्ण शरीर तापविणे टाळले जाते.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराचे तापमान वाढल्यास दृष्टी धूसर होणे, अशक्तपणा येणे अशी लक्षणे काही काळ बळावतात. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये या प्रकाराची नोंद केली होती. अशा खेळाडूंना शेकाऐवजी गारवाच मानवतो. स्पायना बायफिडा असलेल्यांमध्ये लॅटेक्सची ॲलर्जी अधिक आढळते, त्यामुळे त्यांच्यासाठी रबरी पिशवी वा टोपी लॅटेक्सविरहित आहे ना, हे तपासावे लागते.

नियमांची चौकट

रक्तदाब मुद्दाम वाढवून कामगिरी सुधारण्याच्या प्रकाराला ‘बूस्टिंग’ म्हणतात आणि आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीने त्यावर बंदी घातली आहे. वरचा रक्तदाब १६० किंवा त्याहून अधिक आढळल्यास ती धोकादायक अवस्था मानली जाते. वर्गीकरणाच्या चाचणीत आपली क्षमता हेतुपुरस्सर कमी भासविणे हाही गुन्हा ठरतो. उष्णता आणि थंडी यांचा स्नायूंच्या ताणावर परिणाम होत असल्याने चाचणीपूर्वीची दिनचर्याही प्रामाणिक असणे अपेक्षित आहे.

सुरक्षित पद्धत

शेक सौम्य, कोरडा आणि मर्यादित वेळेचा असावा. तो संवेदना शाबूत असलेल्या भागावरच द्यावा. पॅकवर झोपू नये, वेदनाशामक मलम लावलेल्या जागी तो ठेवू नये आणि दर काही मिनिटांनी त्वचा पाहावी. संवेदना कमी असलेल्या खेळाडूंसाठी कोरडे कपडे, टोपी, मोजे आणि ब्लँकेट हाच सुरक्षित पर्याय होय. कोणताही नवा उपाय स्पर्धेच्या दिवशी प्रथमच न करता सरावात आजमावून त्याची नोंद ठेवणे हिताचे असते.

भारतीय संदर्भ

पॅरालिम्पिकमधील भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक जलतरणातच मिळाले. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये जर्मनीतील हायडलबर्ग येथे ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पूर्ण करून विश्वविक्रम केला. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले होते. सोलापूर जिल्ह्यातील सुयश जाधव यांनी २०१८ च्या आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लाय प्रकारात सुवर्ण मिळविले, तर दृष्टिहीन जलतरणपटू कांचनमाला पांडे यांनी २०१७ मध्ये मेक्सिकोतील जागतिक स्पर्धेत २०० मीटर मेडलेचे सुवर्ण पटकाविले.

देशातील अनेक तलाव उघड्यावर आहेत. उत्तरेकडील हिवाळ्यात तेथे ऊब टिकविणे कठीण जाते, तर उन्हाळ्यात शेकाऐवजी सावली आणि पाणी यांची गरज अधिक असते. जिल्हा पातळीवर प्रत्येक संघासोबत फिजिओथेरपिस्ट असेलच असे नाही. तेथे गरम पिशवी बहुधा पालक वा प्रशिक्षकाच्या हातात असते. ती देण्यापूर्वी ‘येथे स्पर्श जाणवतो का?’ एवढे विचारून खात्री करून घेतली, तरी भाजण्याचे बरेच प्रसंग टळू शकतात.