प्रवास एकटीचा, श्रोते कुणाचे?

१८८३ च्या सुमाराला तीन मराठी माणसं आपापला प्रवास सांगत होती. एक कोकणातले भिक्षुक, एक अठरा वर्षांची मुलगी आणि एक तरुण विधवा आई. तिघांचे रस्ते निराळे. पण आज सोलो ट्रिपवरून स्टोरी टाकताना आपल्याला जो प्रश्न पडतो, तो तिघांपुढेही होता : हे कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही?

मी एकटी फिरते. घरच्या ग्रुपवर देवळाचा फोटो जातो, ‘क्लोज फ्रेंड्स’ला रात्रीच्या एसटी स्टँडवरचा वैताग जातो आणि बाकी जगाला समुद्रावरचा सूर्यास्त. एकाच दिवसाच्या तीन आवृत्त्या. याला कुणी दिखाऊपणा म्हणेल. पण ही वाटणी इन्स्टाग्रामच्या फार आधीची आहे, आणि तिच्यामागं नुसती हौस नव्हती.

आधी भिक्षुकांचं बघू. विष्णुभट गोडसे पेणजवळच्या वरसईचे. घरावर कर्ज होतं. उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, भरपूर दक्षिणा मिळणार, असं कानावर आलं आणि १८५७ साली ते काकांबरोबर निघाले. वाटेत बंड पेटलं. इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा भटजी शहराच्या आत होते. मिळवलेलं द्रव्य लुटलं गेलं आणि शेवटी ते गंगेची कावड घेऊन घरी परतले. असा प्रवास कुणाकडं असता तर त्यानं महिनाभर रोज पोस्ट टाकली असती. भटजींनी तो कागदावर उतरवला पंचवीसेक वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्यांच्या आग्रहावरून, आणि आपल्या पश्चात छापा असं सांगून. राज्य इंग्रजांचं होतं आणि त्यांनी झाशीत केलेली कत्तल यांनी डोळ्यांनी पाहिली होती. ‘माझा प्रवास’ छापून आलं १९०७ साली, तेही वैद्यांच्या हाताखालून फेरफार होऊन. मूळ हस्तलिखिताला धरून असलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी काढली ती १९६६ साली. म्हणजे अनोळखी वाचकापर्यंत भटजींचे स्वतःचे शब्द पोचायला शंभरावर वर्षं लागली.

भटजींना निदान एक सोय होती. जाण्याआधी ‘का जाताय?’ असं त्यांना भर सभेत कुणी विचारलं नव्हतं. आनंदीबाई जोशींना ते उत्तर द्यावं लागलं.

२४ फेब्रुवारी १८८३ या दिवशी बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई इंग्रजीत बोलायला उभ्या राहिल्या. त्या अमेरिकेला डॉक्टर व्हायला निघाल्याची बातमी फुटली होती आणि लोक नाना तऱ्हेचे प्रश्न विचारत होते. त्यांनी ते प्रश्नच घेतले आणि एकेकाला उत्तर दिलं. अमेरिकेला का? इथं शिकायची सोय नाही का? एकटी का? परत आल्यावर वाळीत टाकलं तर? तिथं काही बरंवाईट झालं तर? आणि आजवर कुठल्या बाईनं केलं नाही ते तूच का करतेस? मुंबईत शाळेत जाताना लोक कसे हसत, खडे मारत, तेही त्यांनी त्या सभेत सांगून टाकलं.

ही प्रश्नांची यादी मला जुनी वाटत नाही. आजही एकटीनं स्पितीला किंवा हंपीला जायचं म्हटलं की यातले निदान चार प्रश्न जेवणाच्या ताटावर येतात. फरक इतकाच की आपल्याला सभागृह लागत नाही, फॅमिली ग्रुप पुरतो.

७ एप्रिलला आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत चढल्या. अठरावं पूर्ण होऊन आठवडा झाला होता. बोटीवर ओळखीच्या मिशनरी बायका होत्या, पण नात्याचं कुणी नाही. न्यूयॉर्कला पोचल्या ४ जूनला. धक्क्यावर त्यांना घ्यायला जी बाई आली होती, ती त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भेटत होती.

ही ओळख कशी झाली ते सांगायला हवं. आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव पोस्टात नोकरीला होते. कोल्हापुरात असताना त्यांनी बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागणारं पत्र एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलं. ते पत्र अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापलं गेलं. मदत मिळाली नाही. पण १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडं नंबर लागायची वाट बघत होत्या आणि तिथं पडलेला तो अंक त्यांच्या हाती आला. त्यांनी थेट आनंदीबाईंना पत्र लिहिलं. त्यानंतर तीन वर्षं पत्रं येत-जात राहिली. सण, देवधर्म, जेवणखाण, रीतीभाती, दुखणीखुपणी, सगळं त्यात होतं. न पाहिलेली बाई मावशी झाली. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर आलेली बाई ती हीच.

अमेरिकेत पोचल्यावर आनंदीबाईंचे वाचक दोन झाले. एक जवळच असलेली मावशी आणि एक समुद्रापलीकडचा नवरा. गोपाळरावांना त्या सगळा हिशेब लिहीत. थंडीमुळं नऊवारीऐवजी गुजराती पद्धतीनं लुगडं नेसायला लागले, हेसुद्धा कळवावं लागे. कारण उत्तरात टोमणे येत, संशय येई. ज्या माणसानं हट्टानं शिकवलं, परदेशी पाठवलं, तोच आता प्रत्येक पत्रातून तिथली हालचाल तपासत होता. तेव्हाचं पत्र पोचायला महिना-दीड महिना लागायचा. आज ‘लाइव्ह लोकेशन’ पाठवलं की निळा ठिपका सेकंदात दिसतो. काळजी आणि पाळत या दोन्ही गोष्टी त्याच एका ठिपक्यातून जातात, आणि कुठली कधी सुरू झाली ते पाठवणाऱ्या मुलीलाच आधी कळतं.

पण या पत्रव्यवहारात एक गोष्ट अशी घडली की जी घरात राहून घडली नसती. एका पत्रात आनंदीबाईंनी गोपाळरावांना लहानपणापासूनचं सगळं ऐकवलं. कोवळ्या वयात लाकडानं मारलंत, अंगावर खुर्च्या-पुस्तकं फेकलीत, सोडून जाईन अशी धमकी दिलीत. तुमचं वागणं चांगलं होतं की वाईट ते मला ठरवता येत नाही, असंही लिहिलं. शिकवलंत त्याचं ऋण मानते आणि मारलंत तेही विसरलेले नाही, अशा दोन्ही बाजू एकाच पत्रात आहेत. हे लिहायला मध्ये समुद्र लागला. एकटीनं दूर जाण्यातून काय मिळतं असं मला कुणी विचारलं, तर निसर्गाबिसर्गाच्या आधी मला हे पत्र आठवतं. दूर गेल्यावर जवळच्या माणसाला खरं बोलता येतं.

सेरामपूरच्या सभेला ठाम कारणं मिळाली, मावशीला माया मिळाली आणि नवऱ्याला सत्य. हे दिखाऊपण नव्हतं. कुणाला काय सोसवेल आणि आपल्याला कुणापुढं काय बोलणं परवडेल, याचा तो अंदाज होता. पुढं काशीबाई कानिटकरांनी आनंदीबाईंचं चरित्र लिहिलं, पत्रं छापली गेली आणि एकासाठी लिहिलेलं सगळ्यांसमोर आलं. ते वाचताना मी दर वेळी जरा थबकते. मी त्या पत्राच्या पाकिटावरचं नाव नाही.

तिसरी बाई पंडिता रमाबाई. त्याही एप्रिल १८८३ मध्येच इंग्लंडला निघाल्या, लहानग्या मनोरमेला घेऊन. तिथून पाठवलेलं प्रवासाचं पत्र ‘इंग्लंडचा प्रवास’ या नावानं मराठीत छापलं गेलं. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि आधी कौतुक करणारे कित्येक मराठी वाचक उलटले. तरी त्यांनी सांगणं थांबवलं नाही. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात आनंदीबाईंना डॉक्टरची पदवी मिळाली. त्या समारंभाला रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून गेल्या आणि तिथंच राहून अमेरिकाभर अनोळखी लोकांसमोर बोलत फिरल्या. त्या भाषणांतून मदत उभी राहिली, आणि बरोबर तीन वर्षांनी, ११ मार्च १८८९ ला, मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं. त्याच साली अमेरिकेवरचं त्यांचं मराठी पुस्तकही आलं.

आनंदीबाईंना एवढा वेळ मिळाला नाही. त्या क्षयानं आजारी होऊन परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. वयाची बावीस वर्षंही पुरी नव्हती. कोल्हापूरच्या दवाखान्यातली नेमणूक तशीच राहिली. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशीकडं अमेरिकेला पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावात कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्या पुरल्या आहेत. दातांच्या डॉक्टरकडं एक जुना अंक चाळणाऱ्या अनोळखी बाईनं त्यांना शेवटी आपल्या घरच्यांमध्ये जागा दिली.

म्हणून ‘अनोळखी लोकांना कशाला सांगतेस?’ असं मला कुणी म्हटलं, तर मी पटकन मान डोलावत नाही. जपून सांगावं, हे खरंच. राहते ठिकाण सोडल्यावर फोटो टाकावा, खोलीचा नंबर दिसू देऊ नये, ‘एकटीच आहे’ हे तिथून निघाल्यावर लिहावं, हे मीही पाळते. पण यादी आपण स्वतः करावी. घरच्यांना काय, मैत्रिणींना काय, जगाला काय, आणि एखाद्याला कधीच काय सांगायचं नाही, हे प्रवासाला निघालेल्या बाईनं ठरवावं. आनंदीबाईंना त्यासाठी आधी सभेची परवानगी काढावी लागली होती. आपल्याला फोनच्या सेटिंगमध्ये जावं लागतं.