तुकईथड परिसरातील मूळ वनस्पती व वनपुनर्स्थापना

तुकईथड हे मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्याच्या खकनार तहसिलीतील गाव, अकोला–खंडवा या जुन्या मीटरगेज लोहमार्गावरचे स्थानक. गाव तापीच्या खोऱ्यात असून मेळघाटचे डोंगर येथून जवळ आहेत. या पट्ट्यातील मूळ वन शुष्क पानझडी प्रकारचे आहे. सागाबरोबर सलई, धावडा, अंजन, तेंदू, मोह, चारोळी, तिवस, पळस ही येथली झाडे आणि मोकळ्या उतारांवर पवना, कुसळी, रोशा ही गवते. निमाडच्या रोशा तेलाला एके काळी परदेशातून मोठी मागणी असे. आज यांतले पुष्कळसे उतार बोडके दिसतात आणि बोडका डोंगर दिसला की रोपे लावण्याची घाई होते. मध्य प्रदेशात २ जुलै २०१७ रोजी एका दिवसात सहा कोटींहून अधिक रोपे लावल्याचे जाहीर झाले. महाराष्ट्राने २०१९ साठी ३३ कोटींचे उद्दिष्ट ठेवले. या प्रकारच्या वनात मात्र राखण आधी आणि लागवड नंतर, हाच क्रम योग्य ठरतो.

याचे कारण जमिनीखाली आहे. साग, तेंदू, धावडा, पळस यांची रोपटी उन्हाळ्यात वणव्याने किंवा पाण्याअभावी वरून मरतात, पण मूळ जिवंत राहते. पावसाळ्यात त्यातूनच नवा कोंब येतो, पुन्हा जळतो, आणि दरवर्षी मूळ थोडे जाड होत जाते. पुरेसे बळ साठले की एखाद्या साली कोंब सरळ वर निघतो आणि आगीच्या व गुरांच्या टप्प्याबाहेर जातो. अंजनाचे रोपटे वर वीतभर दिसते तेव्हा त्याचे सोटमूळ खडकाच्या फटींतून किती तरी खोल उतरलेले असते. म्हणजे पडीक वाटणाऱ्या उतारावर झाडांची एक पिढी मुळांच्या रूपाने थांबलेली असते. तेथे यंत्राने खड्डे आणि चर खोदणे म्हणजे तिलाच उपटणे होय. उलट रोपवाटिकेतील पिशवीत वाढलेल्या रोपाचे सोटमूळ बुडाशी वेटोळे घेते आणि टँकरचे पाणी थांबले की पहिल्याच मे महिन्यात ते वाळते.

सलईची स्थिती अधिक नाजूक आहे. याच जिल्ह्यातील नेपानगरची गिरणी ही वृत्तपत्राच्या कागदाची देशातील पहिली गिरणी. १९५६ साली तिचे उद्घाटन झाले आणि आसपासच्या जंगलातील सलई व बांबू हा तिचा कच्चा माल होता. पुढे डिंकासाठी खोडावर खोल आणि वारंवार खाचा पाडल्या जाऊ लागल्या. अशी झाडे आतून कुजतात व वाऱ्याने मोडतात. सलईचे बी फारसे रुजत नाही, पण पावसाच्या तोंडावर मनगटाएवढा दांडा रोवला तर त्याला मुळे फुटतात. जुन्या झाडांचे मोल केवळ लाकडात नाही, हेही ध्यानात घ्यावे. नामशेष मानला गेलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि नंतरच्या शोधात खकनारच्या जंगलातही आढळला. तो जुन्या झाडांच्या ढोलीत घरटे करतो. आज लावलेल्या रोपात ढोली होण्यास कित्येक दशके लागतात.

राखणीचा पुरावा दूर शोधावा लागत नाही. धुळे जिल्ह्यातील बारीपाडा गावाने १९९० च्या दशकापासून कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळून चारशेहून अधिक हेक्टर जंगल उभे केले. त्या कामाचे नेते चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. अमरावती जिल्ह्यातील पायविहीर या कोरकू गावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि दोनच वर्षांत ते राष्ट्रीय जैवविविधता पुरस्काराचे मानकरी ठरले. पायविहीरने लागवडही केली, पण राखणदार गावच होते.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा, की मुळेच उरली नाहीत तेथे काय करावे? आक्षेप खरा आहे. बऱ्हाणपूर जिल्ह्यात २०२२–२३ मध्ये अतिक्रमणासाठी मोठी तोड झाली. नांगर फिरलेल्या अशा जमिनीत नुसते कुंपण पुरणार नाही. तेथे आधी गवत, मग अंजन, चारोळी, मोह यांचे स्थानिक बी थेट जमिनीत टोकणे आणि सलईचे दांडे रोवणे हा क्रम ठेवावा. घाणेरीने व्यापलेल्या जागी ती वरून छाटून उपयोग नाही; जमिनीखाली तीन-चार बोटांवर तिचे मूळ तोडून झुडूप उलटे ठेवावे लागते, नाहीतर ती दुप्पट फुटते. साग रोकड देतो हा दुसरा युक्तिवाद. सागही इथलाच आहे, परंतु नुसत्या सागाच्या लागवडीत मोहफूल, तेंदूपान, चारोळी यांचे दरवर्षीचे उत्पन्न जाते आणि ते उत्पन्न गरीब घराचे असते. चराईबंदीने गुरेवाले उघड्यावर पडतात, ही तक्रारही रास्त आहे; म्हणून डोंगराचा एकेक भाग आळीपाळीने बंद ठेवावा आणि बंद भागातील गवत कापून नेण्याचा हक्क त्याच गुरेवाल्यांना द्यावा. हक्क नसलेला माणूस राखण करील अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे.

तुकईथडला या कामाची एक जागा आयती मिळते. जुना लोहमार्ग मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून येथे येत असे. त्याचे रुंदीकरण व्याघ्र प्रकल्पाबाहेरून व्हावे अशी मागणी महाराष्ट्र सरकारने २०२० मध्ये केली; सोनाळा, जामोद, खकनार या बाजूने तुकईथडला येणारा पर्यायी मार्ग त्यासाठी पुढे आला. गाडी वळसा घालून गेल्यास जंगलातली जुनी पट्टी मोकळी होते. अशा पट्टीवर पहिल्या पावसात घाणेरी आणि रानतुळस शिरतात, म्हणून वन विभागाने आणि ग्रामसभांनी पहिल्याच वर्षी तिथे पवना व रोशा पेरावा आणि पुढे किमान दहा वर्षे आग रोखावी.