परसातील कोंबड्याची कैफियत

आमच्या परसात आठ कोंबड्या आणि एक कोंबडा नांदतात. कोंबडा पिल्लू होता तोवर गरीब होता. पुढे तुरा तांबडा झाला, कंठ फुटला आणि स्वभावही पालटला. आता तो दोन वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात आमच्या आत्याबाई पूजेची फुले काढीत असता त्याने पाठीमागून येऊन त्यांच्या पोटरीस पायाच्या काट्याने जखम केली. घरच्या मंडळींनी तत्काळ निवाडा दिला: कोंबडा कोणास तरी देऊन टाकावा. देऊन टाकणे म्हणजे काय, हे सर्वांसच ठाऊक होते. आरोपीची बाजू ऐकल्यावाचून शिक्षा होऊ नये, हा आमच्या व्यवसायाचा नियम. म्हणून आम्ही आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि त्याची वंशावळ चाळली.

त्याचा मूळ पुरुष म्हणजे तांबडा रानकोंबडा. माणसाळलेल्या कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीची हाडे मध्य थायलंडमधील बान नोन वाट येथील, इ. स. पूर्व १६५० ते १२५० या काळातील असून, धान्याच्या आशेने हा पक्षी वस्तीजवळ आला असावा, असे २०२२ साली संशोधकांनी प्रतिपादिले. आपल्या सह्याद्रीतील करड्या रानकोंबड्याचाही त्यात अंश आहे. कित्येक कोंबड्यांच्या कातडीचा पिवळेपणा त्याच्याकडून आला, हे २००८ साली सिद्ध झाले.

माणसाने त्याला जवळ केले ते केवळ मांसासाठी नव्हे. ब्रिटनमधील लोक कोंबडा खाणे निषिद्ध मानतात, पण हौसेने पाळतात, असे सीझरने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात नमूद केले आहे. आपल्याकडे मनुस्मृतीने द्विजांना गावकोंबडा वर्ज्य सांगितला, आणि कार्तिकेयाच्या ध्वजावर मात्र कुक्कुटच विराजमान झाला. झुंजींचा नाद तर अनेक देशांत होता. जो अधिक चिडखोर त्याचीच वीण राखावयाची, हा झुंजवणाऱ्यांचा शिरस्ता. म्हणजे आज ज्या गुन्ह्याबद्दल आपण त्याला दोषी धरतो, त्याची चिथावणी पिढ्यान्‌पिढ्या आपणच दिलेली आहे. आपल्या देशात करमणुकीसाठी प्राणी झुंजविणे १९६० च्या कायद्याने गुन्हा ठरले. पण कायद्याने रक्तातला स्वभाव बदलत नाही.

अशा कोंबड्याचे करावयाचे काय, हा प्रश्नही जुनाच. पहिल्या शतकातील रोमन शेतीकार कोलुमेला याने त्यावर तोडगा दिला आहे. चामड्याची गोल चकती घ्यावी, मध्ये भोक पाडावे आणि त्यातून दांडगट कोंबड्याचा पाय घालावा. ही बेडी त्याला आवरते. आम्हांस यात मोठा अर्थ दिसला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या व्यवहारी माणसाने येथे सुरी सुचविली नाही, बंधन सुचविले.

चाणक्यनीतीत कोंबड्यापासून शिकण्याचे चार गुण सांगितले आहेत: पहाटे उठणे, झुंजीस सिद्ध असणे, आप्तांस वाटा देणे आणि स्वकष्टाने मिळवून खाणे. मुदतीच्या आठ दिवसांत आम्ही ओसरीवर बसून हे चारही पाहिले. दाणा सापडला की तो कुटकुट करून कोंबड्यांना बोलावतो आणि आधी त्यांना खाऊ देतो. घारीसाठी त्याची हाक निराळी, मुंगसासाठी निराळी. आत्याबाई ज्या जास्वंदीपाशी उभ्या होत्या, तिच्या बुंध्याशी एक कोंबडी अंड्यांवर बसली होती, हेही तेव्हाच कळले. त्याने हल्ला केला तो पहाऱ्यावर असताना.

नॉर्वेच्या शेल्डेरुप-एबे याने १९२१-२२ च्या सुमारास दाखवून दिले की कोंबड्यांच्या कळपात कोणी कोणास टोचावे याचा क्रम ठरलेला असतो. जो मागे सरतो तो खालचा. म्हणून कोंबडा अंगावर आला तर पळू नये आणि लाथही मारू नये. एक झुंजीचे आव्हान ठरते, दुसरे हार. स्वस्थ उभे राहावे.

आत्याबाईंना हे पटण्यास वेळ लागला. त्यांची पोटरी दुखत होती आणि आमचा इतिहास दुखत नव्हता. अखेर तडजोड झाली ती अशी: फुलांची परडी देवघरात पोचेपर्यंत खुराड्याचे दार उघडावयाचे नाही, आणि दार उघडून पहिली मूठभर दाणे टाकावयाची ती आत्याबाईंनीच.