आयुष्मान धनियांची मातीची कुटी

विनयपिटकातील दुसऱ्या पाराजिकाची निदानकथा चोरीच्या नियमासाठी सांगितली जाते आणि बहुधा तेवढ्यापुरतीच वाचली जाते. राजाच्या कोठारातील लाकूड धनिय नावाच्या भिक्खूंनी नेले, त्यावरून अदिन्नादानाचा नियम झाला, एवढे सांगून पुढे जाण्याची रीत आहे. तथापि या कथेचा पूर्वभाग आम्हांस अधिक विचारणीय वाटतो. जळण कोणाचे, ते कशासाठी जाळावे, आणि एखाद्या डोंगरावर राहणे म्हणजे काय, हे तिन्ही प्रश्न तेथे एकत्र आले आहेत.

प्रसंग राजगृहाचा आहे. नगराभोवतीच्या पाच डोंगरांपैकी इसिगिलीच्या उतारावर काही भिक्खूंनी गवताच्या कुट्या बांधून वर्षावास केला. तीन महिने संपताच त्यांनी कुट्या मोडल्या, गवत व लाकूड नीट आवरून ठेवले आणि ते चारिकेस निघाले. आयुष्मान धनिय मात्र तेथेच राहिले; हिवाळाभर राहिले, उन्हाळाभर राहिले. ते भिक्षेसाठी गावात गेले असता गवत व लाकडे वाहून नेणाऱ्या स्त्रियांनी त्यांची कुटी मोडली आणि गवत-लाकूड नेले. त्यांनी पुन्हा बांधली, पुन्हा तेच झाले. असे तीनदा घडले.

या स्त्रियांची नावे पाठात नाहीत. ‘तिणहारियो’, ‘कट्ठहारियो’ अशी त्यांच्या कामावरूनच त्यांची ओळख दिली आहे. त्यांच्याविषयी निषेधाचा एक शब्दही पाठात आढळत नाही, ही गोष्ट आमच्या मते महत्त्वाची आहे. चोरीच्या नियमाचीच ही कथा. तरीही या स्त्रियांना कोणी चोर म्हणत नाही. वर्षावास संपल्यावरही उभी असलेली गवताची झोपडी त्यांच्या दृष्टीने वाळलेले सरपणच असले पाहिजे. डोंगराच्या उतारावर चूल पेटविण्यासाठी रोज येणाऱ्यांचाही तो डोंगर होता.

धनिय हे कुंभारपुत्र होते व आपल्या कलेत निपुण होते. आता मोडता येणार नाही अशी कुटी बांधावी, असे त्यांनी ठरविले. चिखल मळून सर्वस्वी मातीची कुटी उभारली. गवत, लाकूड व शेण जमविले आणि ती अख्खी कुटी भाजून काढली. ती इंद्रगोप किड्यासारखी तांबडीलाल झाली. तिच्यावर टिचकी मारली तर घुंगरासारखा नाद येई. पाठातील हे वर्णन रसिकतेने केलेले आहे. कारागिराच्या हाताला त्यात कोठेही उणेपणा दिलेला नाही.

गिज्झकूटावरून उतरताना भगवंतांच्या दृष्टीस ती पडली. प्राणिमात्रांविषयी दया व अनुकंपा नसल्याचा दोष त्यांनी धनियांस दिला आणि पुढील भिक्खूंनी हा कित्ता गिरवू नये म्हणून ती कुटी मोडावयास लावली. सर्वस्वी मातीची कुटी करणे हे दुक्कट ठरले. मातीतले, गवतातले, शेणातले जीव त्या एका भट्टीत किती गेले असतील, याचा हिशेब या निर्णयामागे आहे.

याचा अर्थ संघात अग्नीच वर्ज्य होता असा कोणी करू नये. चुल्लवग्गात जोत्याला व छपराला विटांची अनुमती आहे. जीवकांच्या विनंतीवरून जंताघराची, म्हणजे उष्णस्नानगृहाची, मोकळीक मिळाली. पाचित्तियातील ५६ वा नियम शेकण्यासाठी विस्तव पेटविण्यास मना करतो, पण आजाऱ्यास त्यातून वगळतो. त्या नियमाची कथाही मोठी बोलकी आहे : भिक्खूंनी थंडीत पोकळ ओंडका पेटविला, आत काळा साप होता, तो तापून बाहेर आला व त्यांच्या मागे लागला! जमीन खणणे व वनस्पती तोडणे यांविषयीचे १० वा व ११ वा हे नियम याच जातीचे आहेत. नियमांचा रोख गरजेवर आहे. एकट्याच्या निवाऱ्यासाठी अख्खे घर भट्टीसारखे भाजणे गरजेत बसले नाही, असे आमचे मत आहे.

कुटी मोडल्यावर धनियांनी लाकडी कुटी बांधावयाचे ठरविले, आणि येथे नियमाची प्रसिद्ध कथा सुरू होते. नगराच्या दुरुस्तीसाठी व आपत्कालासाठी राखलेले लाकूड राजाने दिले आहे असे रखवालदारास सांगून त्यांनी ते गाड्यांवर नेले. महामात्य वस्सकारांच्या ध्यानी ते आले. राजा बिंबिसाराने विचारता धनियांनी त्याच्याच अभिषेकसमयीच्या घोषणेकडे बोट दाखविले : श्रमण-ब्राह्मणांस गवत, लाकूड, पाणी दिलेले आहे. राजाने उत्तर दिले की, ती घोषणा अरण्यातील, कोणाच्याही मालकीत नसलेल्या वस्तूंविषयी होती. त्याने धनियांस सोडून दिले. अरण्यातील लाकूड आणि नगराच्या आपत्तीसाठी साठविलेले लाकूड यांतील हा भेद राज्यकर्त्याच्या तोंडून आला आहे. इसिगिलीवरच्या स्त्रियांनी नेले ते पहिल्या प्रकारात मोडावे.

मज्झिमनिकायातील इसिगिलिसुत्तात म्हटले आहे की, भोवतालच्या इतर डोंगरांची नावे पूर्वी वेगळी होती, इसिगिलीचे मात्र तेच राहिले. त्या डोंगरावर कायमचे घर करू पाहणाऱ्या धनियांच्या नावावर थेरगाथेत तीन गाथा आहेत. त्यांपैकी एकीत निवासस्थानासाठी उंदराच्या बिळात राहणाऱ्या सापाची उपमा आली आहे. ते बीळ सापाने खणलेले नसते.