आधी शिजवा, मग मुरवा : जपानी ‘चाशू’ घरच्या पातेल्यात

निलंगा : खरीप संपता संपता लातूर जिल्ह्यातील बाजार समित्यांत सोयाबीनची आवक वाढते. त्याचे पुढे तेल निघते आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. जपानमध्ये मात्र याच दाण्यात भाजलेला गहू मिसळतात, त्यावर ‘कोजी’ नावाची बुरशी वाढवतात आणि मिठाच्या पाण्यात तो कित्येक महिने आंबवतात. त्यातून तयार होतो ‘शोयु’, म्हणजेच सोया सॉस. डुकराच्या मांसाचा ‘चाशू’ हा पदार्थ या शोयुवरच उभा आहे. रामेन या शेवयांच्या वाडग्यात वर मांडलेल्या मऊसूत, तपकिरी चकत्या असतात, त्या चाशूच्या.

नाव मूळचे चिनी. कँटन भागात काट्याला टोचून विस्तवावर भाजलेल्या मांसाला ‘चार स्यू’ म्हणतात. जपानने नाव उचलले, पण भाजण्याऐवजी मांस रसात शिजवायला घेतले. नागासाकीचा ‘काकुनी’, म्हणजे चौकोनी तुकडे करून शिजवलेले मांस, हा त्याचाच भाऊबंद. ओकिनावा बेटांवरच्या ‘राफुते’त तर उसाची काळी साखर पडते. आपला गूळ तिच्या अगदी जवळचा, हे लातूरच्या ऊसपट्ट्यातील वाचकांनी ध्यानात ठेवावे.

या पाककृतीचे मर्म क्रमात आहे. आपल्याकडे मटणाला हळद, मीठ, आले-लसूण चोळून ते आधी मुरवतात आणि मग शिजवतात. गोव्याच्या विंदालूतही मांस शिजण्यापूर्वी व्हिनेगर-लसणात मुरते. जपानी पद्धत याच्या उलट आहे. मांस आधी मंद आचेवर शिजते आणि मग त्याच रसात रात्रभर मुरते. पोटाकडच्या मांसात चरबीचे थर आणि चिवट पडदे असतात. दीड-दोन तास हळूहळू शिजल्यावर हे पडदे विरघळून चिकट, मऊ होतात. घाई केली, रस खदखदू दिला, तर चरबी सुटून जाते आणि तंतू कोरडे पडतात. मुरण्याची चव मात्र आत फार खोल जात नाही, म्हणून चकत्या पातळच कापायच्या.

एक किलो मांसाला शोयु दीडशे मिलिलिटर आणि साखर किंवा गूळ पाऊण वाटी लागतो. जोडीला आल्याचे पाच-सहा काप, लसणाच्या चार पाकळ्या आणि पातीच्या कांद्याची हिरवी पात घ्यावी. ‘साके’ आणि ‘मिरीन’ ही तांदळाची मद्ये मूळ कृतीत असतात. नसली तर गूळ थोडा वाढवून चमचाभर व्हिनेगर घातले तरी काम भागते. मांसाची वळकटी करून दोऱ्याने घट्ट बांधावी आणि कढईत सर्व बाजूंनी खरपूस करावी. मग पातेल्यात ठेवून बुडेल एवढे पाणी आणि बाकीचे जिन्नस घालावेत. वर लहान ताटली थेट मांसावर ठेवली, की रस सगळीकडे फिरतो. अधूनमधून वळकटी उलटावी. सुरी किंवा विणायची सुई सहज आरपार गेली, की शिजले. कुकरमध्ये एका शिटीनंतर मंद आचेवर अर्धा-पाऊण तास पुरतो, पण मग रस वेगळा आटवावा लागतो. बाजारातील स्वस्त ‘डार्क सोया’ पुष्कळदा कॅरॅमलच्या रंगाने काळा केलेला आणि खारट असतो. तो निम्माच घालून चव पाहावी; वरून मीठ नकोच.

मांस कोठून आणले, हा प्रश्न अधिक गंभीर आहे. गावात मोकाट फिरणाऱ्या डुकरांत फीतकृमीच्या पुटकुळ्यांचा धोका असतो. भाताच्या शितासारखे पांढरे दाणे दिसले, तर ते मांस घेऊ नये. तपासणी झालेले, बंदिस्त फार्मवरचे मांसच घ्यावे आणि ते आतपर्यंत शिजवावे. मेंदूत गाठी करणारा आजार मात्र मांसातून होत नाही. बाधित माणसाच्या विष्ठेतील कृमीची अंडी हातांवाटे किंवा न धुतलेल्या भाज्यांवाटे पोटात गेल्याने तो होतो. त्यामुळे शाकाहारी माणसालाही तो होतो, ही बाब सहसा सांगितली जात नाही.

आणि मग जातीचा प्रश्न. जपानमध्ये इसवी सन ६७५ मध्ये सम्राट तेम्मूने गाय, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडी यांचे मांस निषिद्ध ठरवले. यादीत डुक्कर नव्हते, तरी पुढे मांसाहारच हीन ठरला आणि कत्तल व कातडीकाम करणाऱ्यांना अस्पृश्य लेखले गेले. कायद्याने हा भेद १८७१ मध्ये रद्द झाला. पुढच्याच वर्षी सम्राट मेइजींनी गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले. कायदा झाला तरी त्या वस्त्यांतील लोकांविषयीचा दुरावा पुरता गेला नाही. मराठवाड्यातील वाचकाला हे परके वाटणार नाही. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकात येथील दलितांच्या स्वयंपाकाची नोंद केली आहे. २०२४ मध्ये ते इंग्रजीतही आले. जनावराचा कोणताही भाग वाया न घालवणारा, चरबीचा नेमका वापर जाणणारा हा स्वयंपाक पाककृतींच्या पुस्तकांत कधी आला नाही. परदेशी नाव लागताच तेच मांस महागड्या उपाहारगृहात मानाने मागवले जाते, हा विरोधाभास नजरेआड करण्यासारखा नाही.

शिजलेले पातेले उन्हाळ्यात ओट्यावर तासन्‌तास ठेवू नये. थंड पाण्याच्या परातीत ते लवकर निववावे आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये न्यावे. सकाळी वर गोठलेली चरबी काढून वेगळी ठेवावी. भाजी फोडणीस टाकायला ती उत्तम. दोरा सोडून अर्धा सेंटिमीटरच्या चकत्या कराव्यात, तव्यावर कडा करपेपर्यंत शेकाव्यात आणि गरम भातावर ठेवून आटवलेला रस ओतावा. चाशू फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतो. उरलेला रस एकदा उकळून गार करावा आणि त्यात साडेसहा मिनिटे उकडून सोललेली अंडी रात्रभर फ्रिजमध्ये बुडवून ठेवावीत.